बिनकिल्लीची जीप

आमच्या घरी जीप आली ती बैलांनी ओढून. लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आणि त्यांच्या धाकट्या भावानं, म्हणजे अण्णांनी, ती मिळून घेतली होती. इंजिन बंद होतं. ट्रकमागं बांधून ती कुरुळीच्या फाट्यापर्यंत आली. तिथून आमच्या वाडीपर्यंत गाडीरस्ता असा नव्हताच, म्हणून अण्णा बैलजोडी घेऊन सामोरे गेले. ओढा उतरून, काळ्या रानातल्या चाकोरीतून ती डुलत डुलत आली. आबा सुकाणूवर ताठ बसले होते, जणू बैल नाहीतच आणि गाडी तेच हाकताहेत. आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. शेवंताकाकू, म्हणजे अण्णांची बायको, तोंडाला पदर लावून आईला म्हणाली, "अक्का, नवरी लई थोराड आणली की गं." सगळे हसले, आबासुद्धा. आबांना कुणी हसलेलं एरवी खपत नसे, पण त्या दिवशी खपलं.

वाडी निघोज्याच्या अलीकडं, मोजक्या घरांची. आमचं घर लांबट, मातीच्या भिंतींचं, आणि सगळ्यांची चूल एकच. आबा पिंपरीला कंपनीत कामाला. पहिल्या शिफ्टला असले की अंधारातच सायकल काढून फाट्यावर जायचे आणि तिथून कंपनीची बस धरायचे. अण्णा शेती बघायचे, कांदा, बटाटा, थोडी बाजरी. मी आईबापाला एकुलती एक, आणि काकूला लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. त्यामुळं मला घरात दोन आया होत्या. एक मारायची, दुसरी जेवू घालायची. काकूच्या हातची बटाट्याची रस्साभाजी मी पुन्हा कुठं खाल्ली नाही. काळा मसाला ती भाजून नाही, जवळजवळ जाळून घ्यायची, आणि त्याचा वास ओढ्यापलीकडं जायचा. अण्णा म्हणायचे, "रानात घड्याळ लागत न्हाई. मसाल्याचा वास आला की बैल सोडायचं."

दोघा भावांनी ती जीप बाभळीखाली उघडली. गोणपाटावर तिचा एकेक भाग मांडून ठेवलेला असायचा, आणि शेळ्या तिकडं जाऊ नयेत म्हणून मला काठी घेऊन बसवलेलं असायचं. आबांना कंपनीत यंत्रांची सवय होती, ते प्रत्येक गोष्टीचं नाव सांगायचे. अण्णांना नावं येत नव्हती. ते वस्तू हातात घेऊन फिरवून बघायचे आणि "ही हिच्यात बसतीया" एवढंच म्हणायचे. आबा कंपनीतून चिंध्या आणायचे, अण्णा विहिरीच्या इंजिनाचं ग्रीस. किती दिवस हे चाललं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की एका संध्याकाळी अण्णांनी पुढून हँडल मारलं, ती खोकली, काळ्या धुराचा लोट सोडला आणि सुरू झाली. कोंबड्या छपरावर गेल्या. दोघं भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. आबांनी कुणाला मिठी मारलेली मी पाहिली ती तेवढी एकदाच.

आता चिंचवडला तिसऱ्या मजल्यावर बसून हे लिहिताना मला त्या गाडीचा राग यायला हवा. येतो. पण तिच्याबद्दल खोटं लिहिता येणार नाही. ती गाडी फार चांगली होती. तिला दारं नव्हती, काचा वरखाली करायच्या नव्हत्या. पुढची काच सोडवून बॉनेटवर आडवी पाडली की वारा थेट तोंडावर. तिला किल्लीसुद्धा नव्हती. लष्कराच्या गाड्या तशाच असत. दिव्याच्या बटणासारखं एक बटण दाबायचं, खालच्या गुंडीवर पाय द्यायचा, की निघाली. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर. इकडून पेट्रोल येतं, तिकडून वारा, इथं ठिणगी पडते. काही लपवलेलं नाही. आणि जे बिघडेल ते घरातल्या वस्तूंनी नीट व्हायचं. पेट्रोलची टाकी गळायला लागली, अण्णांनी अंगाचा साबण मऊ करून चीर लिंपली. पंख्याचा पट्टा तुटला, नाड्याच्या दोरीला पीळ घालून घरापर्यंत आणली. एकदा ऐन कांद्याच्या दिवसांत रेडिएटर ठिबकू लागला तर काकूनं मूठभर हळद आणून दिली. ती पाण्यात टाकली आणि ठिबकणं थांबलं. काकू नंतर कितीतरी दिवस शेजारणींना सांगत होती, "आमच्या गाडीला बी हळद लागती बाई."

पावसाळ्यात आमची वाडी जगापासून तुटायची. चिखलात सायकल खांद्यावर घ्यावी लागायची, बैलगाडीची चाकं मधल्या तुंब्यापर्यंत रुतायची. त्या चिखलात ही गाडी पुढची चाकंही जोडून घ्यायची आणि कुरकुर न करता, म्हशीसारखी सावकाश, पलीकडं निघायची. आजूबाजूच्या वाड्यांतल्या आजाऱ्यांना, परीक्षेला निघालेल्या पोरांना अण्णांनी तिच्यातून नेलं. शनिवारी चाकणच्या बाजाराला मागं कांद्याच्या गोण्या आणि गोण्यांवर काकू. ती तिथूनच ओरडून सांगायची, "हळू घ्या वो, मी बी कांदाच हाय का?"

मला गाडी अण्णांनी शिकवली. कांदा निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात, आबा शिफ्टला गेलेले असताना. पाय पुरत नव्हते म्हणून पाठीमागं गोणपाटाची घडी. अण्णा शेजारी बसून तंबाखू मळायचे आणि म्हणायचे, "तिला दामटायची न्हाई. ती काय म्हणतीया ते ऐकायचं." मला ते ऐकू यायचं. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासणं, पॉइंट साफ करणं, हे मी चौदा-पंधराची असताना करत होते. परवा माझ्या मुलाच्या गाडीत कसलासा पिवळा दिवा लागला. मी सवयीनं बॉनेट उघडायला लावलं तर आत सगळ्यावर काळं प्लास्टिकचं झाकण. शोरूमच्या पोरानं येऊन वायर जोडली, लॅपटॉपवर बघितलं आणि सांगितलं की गाडी ठेवून जा. त्यामुळं हल्ली जी मुलं जुन्या जीपा हुडकत हिंडतात, त्यांचं वेड मला कळतं. कुणी मला विचारलं की त्या पत्र्यात एवढं काय आहे, तर मी सांगू शकते. जे आपल्याला उघडता येतं, जोडता येतं, ते आपलं वाटतं. एवढंच आहे त्यात. आणि विष कालवलं गेलं तेही ह्या 'आपलं' शब्दातच.

अण्णांना ती आपली वाटायची ती कामासाठी. आबांना ती आपली वाटायची ती नुसतीच. हळूहळू आबा रविवारी तिला धुवायला लागले, पुसायला लागले. कंपनीतून हिरव्या रंगाचा डबा आणून त्यांनी ती रंगवली. त्यांचे कंपनीतले मित्र रविवारी यायचे, मग भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी नाहीतर इंद्रायणीच्या पात्रात ती घालायची, चिखलातून काढून दाखवायची, टाळ्या घ्यायच्या. आई आणि काकू तोवर चुलीपुढं मटण शिजवत. आबा मित्रांना सांगायचे, "गाडी म्हणावी तर ही. बाकीचे नुसते डबे." आणि सोमवारी अण्णांनी तिच्यात कांदा भरला की त्यांचं तोंड उतरायचं. रंगाला ओरखडा, सीटला माती, मागच्या फळीला कांद्याचा वास.

"जीप काय कांदं वाहायला घेतली का रं?" एकदा जेवताना आबांनी विचारलं.

"मंग कशाला घेतलीया?" अण्णा म्हणाले. "बघत बसाय?"

आबांनी ताट सरकवलं. भांडणं त्याआधीही व्हायची, पण ताट सरकवलं गेलं ते तेव्हा पहिल्यांदा. पुढं एकाच्या दोन गोष्टी होत गेल्या. आबा म्हणाले, पगार मी आणतो. अण्णा म्हणाले, मग खातो कुणाच्या रानातलं? एका उन्हाळ्यात वाटणी झाली. रान वाटलं, भांडी वाटली, बैल अण्णांकडं आणि म्हैस आमच्याकडं. स्वैपाकघराच्या मधोमध भिंत घातली, पण ती आढ्यापर्यंत गेली नाही. वरून हात जाईल एवढी फट राहिली. त्या फटीतून आई आणि काकू वाटीतली भाजी एकमेकींना द्यायच्या. दोघं भाऊ बोलत नसत तेव्हाही ती वाटी जात-येत होती.

जीप वाटता येईना. पंच बसले, त्यांनी आठवडे पाडून दिले. एक आठवडा आबांचा, एक अण्णांचा. अण्णांच्या आठवड्यात ती दिवसभर कामाला जायची. आबांच्या आठवड्यात ती ताडपत्रीखाली उभी असायची, कारण आबा तर कंपनीत. रविवार आला की ताडपत्री निघायची. असं काही महिने चाललं. मग एकदा आबांचा आठवडा असताना आभाळ भरून आलं आणि अण्णांचा कांदा उघड्यावर होता. अण्णांनी न विचारता गाडी काढली, कांदा आत आणला आणि गडबडीत बांधाच्या दगडावर आदळून तिच्या चाकावरचा, स्प्रिंगचा पाटा मोडला. आबा घरी आले, त्यांनी वाकून तो मोडका पाटा बघितला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती ताडपत्री ओढून घातली.

त्याच वर्षी काकूला दिवस गेले होते. एवढ्या वर्षांनी. आईनं भिंतीवरून कच्चे आवळे दिले, चिंच दिली, डिंकाचे लाडू दिले. आबांना हे ठाऊक होतं की नाही असं मला पुढं कुणी कुणी विचारलं. एका घरात, अपुऱ्या भिंतीपलीकडं, आठव्या महिन्यातली बाई वावरत होती. ठाऊक होतं.

भाद्रपदातली सकाळ होती. पाऊस थांबला होता पण ओढ्याला पाणी होतं. आबा पहिल्या शिफ्टला गेले होते, अण्णा राजगुरुनगरला कसल्याशा रानाच्या कामासाठी चालत फाट्यावर जाऊन एसटीनं गेले होते. चालत, कारण आठवडा आबांचा होता. आई भाकरी थापत होती. भिंतीपलीकडून हाक आली, "अक्का... अगं अक्का..." आवाज काकूचा, पण कुणी घसा दाबल्यासारखा. आम्ही पळत गेलो तर ती चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती आणि खालची जमीन लाल झाली होती.

आई म्हणाली, "सुमे, गाडी काढ."

मी म्हणाले, "आबांचा आठवडा हाय."

"आठवड्याला लाव आग. काढ म्हणते ना."

मी ताडपत्री ओढली. बटण दाबलं, गुंडीवर पाय दिला. इंजिन फिरलं, पण धरलं नाही. पुन्हा दिला. पुन्हा तेच. मी हँडल घेऊन पुढं गेले, दोन्ही हातांनी मारलं. ती गाडी थंडीतसुद्धा दुसऱ्या झटक्याला सुरू व्हायची. टाकीत पेट्रोल होतं. प्लगची वायर काढून पत्र्याजवळ धरली, आईला गुंडीवर पाय द्यायला लावला. ठिणगी नव्हती. मला बरं वाटलं, खरं सांगते, कारण ठिणगी नसणं म्हणजे पॉइंटवर कचरा, आणि ते काम मला डोळे मिटून येत होतं. ठिणगी जिथून चारी प्लगांना वाटली जाते तिथं एक काळी टोपी असते, दोन पट्ट्यांनी बसवलेली. मी पट्ट्या काढल्या, टोपी उचलली. टोपीखाली मधल्या दांड्यावर रोटर नावाचा अंगठ्याएवढा तुकडा असतो, वर पितळेची पट्टी असलेला. तो फिरतो तेव्हा ठिणगी जाते. दांडा मोकळा होता.

तो तुकडा पडत नाही, झिजून नाहीसा होत नाही. कुणीतरी टोपी काढून, त्याला चिमटीत धरून, वर ओढून घ्यावा लागतो, आणि टोपी पुन्हा जागच्या जागी बसवावी लागते.

"काय झालं गं?" आईनं विचारलं.

"रोटर न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे सुरू व्हायची न्हाई. काढून घेतलाय कुणीतरी."

आईनं 'कुणी' म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. आख्ख्या वाडीत तो तुकडा कुठं असतो हे तिघांना माहीत होतं. एक मी. एक अण्णा, जे सकाळी चिखल तुडवत फाट्यावर गेले होते.

मी वेड्यासारखी लाकडाचा एक तुकडा घेऊन विळ्यानं तासायला लागले. साबणानं, दोरीनं, हळदीनं चाललेली गाडी, ती लाकडानं का नाही चालणार? हाताला विळा लागला. आईनं माझ्या हातातून तो काढून घेतला. "सोड ते आता. भिकाला बोलव, बैल जुंपाय सांग." भिका आमचा शेजारी. त्यानं अण्णांचेच बैल जुंपले. काकूला बैलगाडीत घातलं तेव्हा तिनं माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "रगत येतंय की गं पोरी तुला." तिच्या अंगाखालचं गोणपाट भिजत होतं आणि ती माझ्या बोटाकडं बघत होती.

ओढ्यात चाक रुतलं. जीप तिथून पाच मिनिटांत गेली असती, हे मला बैलांच्या प्रत्येक धडपडीबरोबर कळत होतं. शेवटी रानातनं माणसं गोळा झाली, त्यांनी काकूला खाटेवर घेऊन खांद्यावरून फाट्यापर्यंत नेलं. पुढं कांद्याच्या ट्रकनं चाकण. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई भल्या होत्या, त्यांनी जे करायचं ते केलं. काकू वाचली. मुलगा होता. तो रडला नाही. बाई हात पुसत बाहेर आल्या आणि आईला म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं हो." कुणाला दोष द्यायचा म्हणून नव्हे, आपलं म्हणतात तसं. पुन्हा मूल होणार नाही, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्या पहिल्या दिवशी दुपारनंतर आई काकूजवळ थांबली आणि मला म्हैस बघायला, धुतलेली लुगडी आणायला घरी धाडलं. मी पोचले तेव्हा आबा शिफ्टवरून आले होते. घरात कुणी नाही म्हणून त्यांनी शोधाशोध केली असेल असं तुम्हाला वाटेल. ते जीपपाशी उभे होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "गाडीला हात कुणी लावला? टोपीच्या पट्ट्या सैल हायेत."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, एका दमात, मुलगा होता हेसुद्धा. आबा ऐकत राहिले. मग त्यांनी खिशात हात घातला, रुमाल काढला, रुमालाची गाठ सोडली आणि रोटर काढून दांड्यावर बसवला. टोपी लावली. गुंडीवर पाय दिला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मी आत जाऊन लुगडी गाठोड्यात बांधली.

"चल, बस," आबा म्हणाले. "चाकणला जाऊ."

मी लुगड्यांचं गाठोडं घेऊन चालत निघाले. थोड्या वेळानं ते माझ्या शेजारून गेले, थांबले नाहीत.

दवाखान्याच्या ओसरीत अण्णा बसले होते, निरोप मिळून राजगुरुनगरहून थेट तिथं आलेले. मी पोचले तेव्हा दोघं भाऊ समोरासमोर होते. कित्येक महिन्यांनी बोलत होते.

"मला काय ठाव असं व्हईल?" आबा म्हणत होते. "मी काय मुद्दाम केलं व्हय?"

"न्हाई, दादा," अण्णा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "असं व्हईल ह्ये तुला ठाव नव्हतं. गाडी सुरू व्हायची न्हाई, एवढं ठाव होतं."

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली, परत घातली. "गाडी तुझी," ते म्हणाले. "आठवडं-बिठवडं काय न्हाई आता. तुझी तू ठेव." आणि ते आत काकूकडं गेले.

अण्णा-काकू वाडीवर परत आले ते सामान न्यायला. चाकणला दोन खोल्या घेऊन राहिले. अण्णांनी रान अर्धेलीनं दिलं आणि एका फॅक्टरीत वॉचमनची नोकरी धरली. शेतात मातीशी बोलणारा माणूस फाटकावर खुर्ची टाकून बसायला लागला. भिंतीवरची फट तशीच होती, पण पलीकडं कुणी नव्हतं. आई स्वैपाक करता करता सवयीनं तिकडं बघायची. आबांशी ती नंतर कामापुरतंच बोलायची, मरेपर्यंत. त्यावरून घरात कधी भांडण झालं नाही. तिनं फक्त बोलणं काढून घेतलं, आणि कुठं ठेवलं ते सांगितलं नाही.

मी आयटीआयला मोटार मेकॅनिकला जाणार होते. अण्णांनीच ते माझ्या डोक्यात भरवलं होतं. त्या दिवसानंतर मी बॉनेटला हात लावला नाही. लग्न होऊन चिंचवडला आले, पुढं गाड्यांच्या वायरी जोडायच्या एका कारखान्यात बायकांच्या ओळीत बसून नोकरी केली. हात चांगला आहे म्हणून साहेब कौतुक करायचे. मी पुढची वायर उचलायचे.

आबांनी ती गाडी जपली. कंपनी सुटल्यावर तर दुसरा उद्योगच नव्हता. आमच्या बाजूला एकामागून एक कंपन्या आल्या, काळ्या रानात कंटेनरची रांग लागायला लागली, ओढा सिमेंटच्या नळीतून जाऊ लागला. चार चाकांनी चिखल तुडवायला चिखलच उरला नाही. तरी आबांची जीप चकाचक. आणि मग ती मुलं यायला लागली. पिंपरी-चिंचवडची, आयटीतली, कंपन्यांतली, रविवारी आपापल्या जुन्या जीपा घेऊन. त्यांचा ग्रुप होता. आबा त्यांचे आवडते झाले. "काका, ही ओरिजिनल आहे ना?" "काका, एकदा आवाज ऐकवा ना." नातवंडांनी धरावं तसे ते आबांचे हात धरायचे. वाईट नव्हती हो ती मुलं. दिवसभर पडद्यापुढं बसून दमलेली, हाताला ग्रीस लागलं की खुलणारी. एक जण मला म्हणाला होता, "मावशी, हिच्यात बिघाड झाला तर निदान तो दिसतो तरी." मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं.

आई गेल्यानंतरचा असाच एक रविवार. मी आबांकडं गेले होते, मुलांसाठी चहा केला होता. अंगणात आबा खुर्चीवर, भोवती मुलं. साबणाची गोष्ट झाली, दोरीची झाली. हळदीची सांगितली, पण हळद कुणी आणून दिली ते सांगितलं नाही. मग एकानं विचारलं, "आबा, हिला चावीच नाही. मग कुणी पळवून नेऊ नये म्हणून काय करायचात?"

आबांचा चेहरा उजळला. मी त्यांच्यासमोर ट्रे घेऊन उभी होते. ते म्हणाले, "सोप्पंय. टोपी उघडायची, रोटर काढायचा, खिशात टाकायचा. मग कुणाच्या बापाला सुरू व्हत न्हाई."

मुलं हसली. एकानं टाळी दिली. "भारी आबा! एकदम देशी लॉक!"

मी ट्रे खाली ठेवला. म्हणाले, "आबा, शेवंताकाकूचंही सांगा की त्यांना."

मुलं माझ्याकडं बघायला लागली, मग आबांकडं. आबांनी चहाचा कप उचलला, फुंकर मारली. "घ्या रं पोरांनो," ते म्हणाले, "गार व्हतोय." मुलं निघून गेल्यावर त्यांनी खुर्ची आत घेतली आणि दाराशी थांबून मला म्हणाले, "चार लोकांत काढायचं काय कारण न्हवतं." त्या विषयावर ते माझ्याशी आयुष्यात एवढंच बोलले. ते विसरले असते तर मी त्यांना माफ केलं असतं. ते विसरले नव्हते.

आबा गेले तेव्हा अण्णा हयात नव्हते. दहाव्याला काकू आली, एकटी, काठी टेकत, चाकणहून बस बदलून. ती मुलंही आली होती. रस्त्याच्या कडेला त्यांच्या जीपा ओळीनं उभ्या होत्या. विधी आटोपल्यावर काकू ओट्यावर माझ्याजवळ बसली आणि त्या ओळीकडं बघत राहिली.

"कुणाची गं पोरं?"

"आबांच्या ओळखीची."

"गाड्या कशाला ठिवल्यात एवढ्या? माल वाहत्यात?"

"न्हाई काकू. हौस."

"व्हय का," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला स्टँडवर सोड बाई. पाय दुखत्यात."

ते त्या, बिघाड दिसतो म्हणालेल्या मुलानं ऐकलं. तो लगबगीनं पुढं आला. "आजी, मी सोडतो ना. चाकणपर्यंत सोडतो. बसाल ह्यात?" त्याला काय माहीत. मी मध्ये पडले, म्हणाले, नको, मी रिक्षा बघते. माझा आवाज चिरका निघाला असावा, कारण तो मुलगा दोन पावलं मागं सरला.

काकूनं माझ्या दंडाला धरून उठत माझ्याकडं बघितलं. "रिक्षा कशाला?" ती म्हणाली. "गाडीचं आन् माझं काय वाकडं हाय? ज्याच्याशी होतं त्यो गेला. संपलं."

मुलानं तिला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. तिनं पदर खोचला, काठी आडवी मांडीवर घेतली आणि त्याला म्हणाली, "हळू घे रं बाबा." जीप कंटेनरांच्या मागून मोठ्या रस्त्याला लागली, आणि काकूचं पांढरं डोकं बराच वेळ दिसत राहिलं.

संपलं, असं ती म्हणाली. मूल तिचं गेलं होतं, तिला म्हणता आलं. मला अजून म्हणता येत नाही.